रस्त्याची कड कोणाच्या मालकीची?

सार्वजनिक रस्त्यावर कोणी दुकानाचा ओटा चार फूट पुढे ओढला, तर ते अतिक्रमण ठरते आणि आज ना उद्या महापालिकेचा हातोडा त्यावर पडतो. भाजीवाल्याची हातगाडी कडेला उभी राहिली, तर तिचा वजनकाटा उचलून नेला जातो. पण त्याच कडेला एखादी मोटार सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत निश्चल उभी राहिली, तर तिला अतिक्रमण असे कोणी म्हणत नाही. एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा धरण्याचा प्रघात आहे. लातूरच्या किंवा नांदेडच्या मुख्य बाजारपेठेत तेवढ्या जागेचे भाडे काय पडते, हे तेथील कोणत्याही भाडेकरूला विचारावे. ते भाडे लहान दुकानदाराला चुकत नाही; मोटारमालकाला मात्र ते संपूर्ण माफ असते. वाहने कोठे उभी करावीत, हा वाहतुकीच्या शिस्तीचा प्रश्न आहे, असे समजण्याची रीत आहे. वस्तुतः तो सामाईक मालमत्तेच्या वाटपाचा प्रश्न आहे आणि हे वाटप आज दोन्ही शहरांत ज्याचे वाहन मोठे त्याच्या बाजूने होत आहे.

गोलाई आणि वजिराबाद

लातूरची गंजगोलाई ही नगररचनेची अभिमानाने सांगावी अशी खूण. १९१७ मध्ये, निजामी राजवटीत, नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी तिची आखणी केली. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती वर्तुळाकार दुमजली बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कापड, सराफी, भुसार अशा एकेका व्यापाराच्या नावाने इथल्या वाटा ओळखल्या जाऊ लागल्या. सोळा वाटा ठेवण्यातले शहाणपण उघड आहे. माणसे आणि माल एका तोंडाशी तुंबू नयेत, आलेला एका वाटेने यावा आणि दुसऱ्या वाटेने निघून जावा. त्या काळचे वाहन बैलगाडीचे होते. ती माल उतरवून परतत असे. आजचे वाहन येते ते मुक्कामालाच येते. रचना बिघडलेली नाही. तिच्यातील वाटा गोदामासारख्या वापरल्या जात आहेत.

नांदेडचा अनुभव याहून अलीकडचा आणि म्हणूनच अधिक बोलका आहे. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीनिमित्त या शहराला केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानाचा लाभ झाला. रस्ते रुंद झाले, पूल उभे राहिले, वाटेतील बांधकामे हटली. त्यासाठी अनेकांनी आपल्या घरांचा, दुकानांचा दर्शनी भाग गमावला. परंतु रुंद झालेल्या रस्त्याची कड मोकळी ठेवण्याची व्यवस्था नसेल, तर ती वाढीव रुंदी वाहतुकीला न मिळता उभ्या वाहनांना मिळते. बारा मीटरांच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या की सुमारे पाच मीटर संपले. उरलेल्या सात मीटरांत रिक्षा, दुचाकी, हातगाडी, सायकलवरचा विद्यार्थी आणि पायी जाणारी वृद्धा यांनी आपापली वाट शोधायची. वजिराबादेत संध्याकाळी हेच घडते. डॉक्टर लेनमध्ये तर परजिल्ह्यांतून आणि तेलंगणातून आलेल्या रुग्णांच्या रिक्षा नि रुग्णवाहिका याच कोंडीत सापडतात. तेथे अडलेला प्रत्येक मिनिट हा केवळ गैरसोयीचा राहत नाही.

दंडाचे धोरण, धोरणाचा दुष्काळ

या दुखण्यावर योजला जाणारा परिचित उपाय म्हणजे दंड. दुचाकी उचलून नेणारे वाहन येते, काही गाड्या उचलल्या जातात, थोडी पळापळ होते आणि तासाभराने कड पुन्हा भरते. मोटार वाहन कायद्याची, म्हणजे १९८८ च्या कायद्याची, कलमे पाहिली तर हा क्रम उलटा असल्याचे दिसते. कलम १२२ अडथळा करणाऱ्या वाहनाविषयी बोलते आणि कलम १२७ ते हलविण्याचा अधिकार देते. पण त्यांच्या आधी कलम ११७ आहे. वाहने कोठे व किती वेळ उभी राहावीत, ती स्थळे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवावीत, असे ते सांगते. जागा दाखवणे आधी आणि दंड करणे नंतर, हा कायद्याचा साधा अर्थ. आपल्याकडे दंडाची पावती तत्परतेने येते. जागेचा फलक मात्र शोधावा लागतो. वाहतूक शाखा पोलिसांची, बराचसा रस्ता महापालिकेचा आणि काही रस्ता बांधकाम खात्याचा, अशी ही वाटणी असल्याने जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

मोठ्या शहरांनी काही करून पाहिले, पण त्यांचे अनुकरण डोळे मिटून करण्यासारखे नाही. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले. विरोध होताच ते मोजक्या पाच रस्त्यांवर प्रयोगादाखल राबवण्याचे ठरले आणि पुढे कागदावरच राहिले. मुंबई महापालिकेने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांना ५ हजारांपासून २३ हजार रुपयांपर्यंत जबर दंड लावला. एका ठिकाणी धैर्य कमी पडले, दुसऱ्या ठिकाणी प्रमाण सुटले. २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी, जागा असल्याचा पुरावा दिल्यावाचून नव्या मोटारीची नोंदणी होऊ नये, असा विचार मांडला. जपानमध्ये १९६२ च्या कायद्याने असे बंधन आले आणि ते रुजलेही. परंतु त्यामुळे फार तर रात्री मोटार कोठे उभी राहणार, याचे उत्तर मिळते. दिवसा ती गोलाईत आली म्हणजे काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

आधी तळघरे मोकळी करा

तेव्हा कडेला शुल्क लावावे, हे ओघानेच येते. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहन उभे करण्याचे शुल्क त्या जमिनीच्या मोलाशी निगडित असावे, असेच म्हटले आहे. पण या शुल्काला नैतिक अधिष्ठान हवे असेल, तर महापालिकांना एक अप्रिय काम आधी करावे लागेल. व्यापारी संकुले, रुग्णालये, मंगल कार्यालये आणि शिकवणी वर्ग यांच्या मंजूर नकाशांत वाहनतळ दाखवलेला असतो. राज्यात डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही तो बंधनकारक आहे. नकाशात असलेला हा वाहनतळ प्रत्यक्षात अनेकदा दुकान, गोदाम किंवा तपासणी केंद्र झालेला आढळतो. म्हणजे इमारतीच्या मालकाने आपल्या वाट्याची जागा भाड्याने दिली आणि तिथली वाहने जनतेच्या रस्त्यावर आणून सोडली. ही दुहेरी कमाई तशीच चालू देऊन रस्त्यावर गाडी लावणाऱ्या कारकुनाकडून मात्र पावती फाडून घेणे, याला सुधारणा म्हणता येणार नाही. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष इमारत यांची इमारतवार तपासणी, तिचे निष्कर्ष महापालिकेच्या फलकावर जाहीर करणे आणि ठरावीक मुदतीत तळघरे मोकळी करून घेणे, ही पहिली पायरी. लातूरच्या शिकवणी वर्गांच्या परिसराला ती विशेष लागू आहे. राज्यभरातून मुले तेथे शिकायला येतात. त्यांच्या वर्गांची वेळ सुटते तेव्हा शेकडो दुचाकी एकाच क्षणी रस्त्यावर येतात.

दुसरी पायरी शुल्काची. ते जागेच्या आणि वेळेच्या हिशेबाने असावे. शंभर मीटर कडेला सलग उभ्या केल्या तर सोळा-सतरा मोटारी मावतात. आडव्या लावल्या तर तेवढ्याच लांबीत सुमारे शंभर दुचाकी. हे गणित ध्यानी घेतले, तर दुचाकी आणि मोटार यांना जवळपास एकच दर लावणे हा उघड अन्याय आहे. सायकलीला शुल्क नसावे, दुचाकीला नाममात्र असावे आणि मोटारीचा भार तासागणिक चढता असावा. पहिला अर्धा तास मोफत ठेवावा. शेजारच्या तेलंगणाने २०१८ मध्ये मॉल व व्यापारी संकुलांतील वाहनतळांना पहिली तीस मिनिटे विनाशुल्क ठेवण्यास भाग पाडले होते. तेच तत्त्व रस्त्यालाही लावता येईल.

व्यापाऱ्यांचे भय

शुल्क लावले की गिऱ्हाईक तुटेल, हा व्यापाऱ्यांचा आक्षेप जुना आहे आणि तो सरसकट झटकून टाकण्यासारखा नाही. लातूरची पेठ आसपासच्या तालुक्यांवर जगते. गावाकडून आलेल्या शेतकऱ्याला बी-बियाणे, कापड आणि औषध अशी तीन कामे एकाच खेपेत उरकायची असतात. पण दुकानापुढची कड दिवसभर अडवते कोण, हे एकदा पाहावे. बऱ्याचदा ते वाहन दुकानदाराचे स्वतःचे, शेजाऱ्याचे वा नोकराचेच असते. एक मोटार दहा तास उभी राहिली, तर त्या जागेचा लाभ एकाच माणसाला होतो. तीच जागा अर्ध्या-अर्ध्या तासाने रिकामी होत गेली, तर वीस गिऱ्हाइकांना होतो. १९३५ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत वाहने उभी करण्याचे मोजयंत्र पहिल्यांदा बसले, ते याच हेतूने: दुकानापुढची जागा गिऱ्हाइकासाठी हलती राहावी म्हणून. मोफत जागा गिऱ्हाइकाला मिळतच नसेल, तर तिच्या मोफतपणाचा गिऱ्हाइकाला उपयोग काय?

खरी शंका निराळीच आहे आणि ती सामान्य नागरिकाच्या मनात आहे. गोळा झालेला पैसा जाणार कोठे? ठेकेदार नेमला जाईल, पावतीपुस्तके छापली जातील, दर फलकावर एक आणि हातात दुसरा असा प्रकार होईल आणि रस्ता होता तसाच राहील. हे भय अनुभवातून आलेले आहे. म्हणून ज्या रस्त्यावर शुल्क गोळा होईल, त्याच रस्त्याच्या पदपथावर, दिव्यांवर आणि स्वच्छतागृहावर ते खर्चावे व त्याचा जमाखर्च दरमहा त्याच रस्त्यावर लावावा, अशी अट धोरणातच हवी. उरलेला पैसा शहर बससेवेकडे वळवावा. कारण वेळेवर येणारी बस नसेल, तर वाहन घरी ठेवून या, हा उपदेश पोकळ ठरतो.

२०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. प्रशासक आदेश काढू शकतो. परंतु सामाईक जागेची वाटणी नुसत्या आदेशाने टिकत नाही, ती उघड सभेत, विरोध ऐकून आणि मतदान घेऊन ठरावी लागते. तेथे व्यापारी संघ आपली बाजू मांडतील, वाहनमालकही मांडतील. मांडणार नाही तो पायी चालणारा, कारण त्याची संघटना नाही. शाळेतून दप्तर घेऊन निघालेले मूल आणि रुग्णालयाची पायरी शोधणारा म्हातारा यांच्या वाट्याला रस्त्याची किती कड यावी, हे ज्या दिवशी त्या सभेत आधी ठरेल आणि मोटारींची जागा नंतर, त्या दिवशी या शहरांना वाहनतळाचे धोरण मिळाले असे म्हणता येईल.