बाणाच्या टोकाशी बटण हवं

बावधनचे अण्णा यंदाच्या रंगपंचमीनंतर वर्गाला आले ते गावच्या यात्रेतल्या बगाडाचा फोटो घेऊनच. गावच्या विकिपीडियाच्या पानात त्यांना चार ओळी घालायच्या होत्या. बगाड्या, म्हणजे बगाडावर चढणारा माणूस, कोण होणार याचा कौल कसा घेतात, कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैल बगाडाचा अवजड गाडा गावापर्यंत कसा ओढून आणतात, एवढंच. वाईच्या एका वाचनालयात रविवारी सकाळी मी मोठ्या माणसांना संगणक शिकवते. त्यातले अण्णा वयाने सगळ्यांत मोठे. मी माझी चार पानी पुस्तिका त्यांच्यापुढे ठेवली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले.

पंधरा मिनिटांनी परत येऊन पाहते तर अण्णा हात मांडीवर ठेवून गप्प बसलेले. ओळी कधीच लिहून झाल्या होत्या. पुस्तिकेतल्या चित्रात लाल बाण होता, बाणाच्या टोकाशी बटण होतं आणि त्यावर ‘जतन’ असा शब्द होता. अण्णांच्या पडद्यावर मात्र होतं ‘बदल प्रकाशित करा’.

“बाई, प्रकाशित म्हणजे छापणार का हो? मग मी आधी घरी दाखवून येतो.”

चूक माझी होती. ती पुस्तिका मी २०१६ साली केली. पुढच्याच वर्षी विकिपीडियावरच्या त्या बटणाचं नाव बदललं, आणि बदललं तेही नवख्यांच्या भल्यासाठीच. बटण दाबलं की लिहिलेलं लगेच जगाला दिसतं, हे ‘जतन’ या शब्दावरून कळत नव्हतं. पण मी त्याच चित्राच्या झेरॉक्स वाटत राहिले. अण्णांच्या आधी किती जण त्या बाणापाशी अडून मुकाट घरी गेले असतील, याचा विचार त्या रात्री माझ्या डोक्यातून जाईना.

मी बत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. मूल आधी कमळ बघतं, मग ‘क’ बघतं. संगणकाला पहिल्यांदा हात लावणारा साठीचा माणूसही तसाच असतो. तो मजकूर वाचत नाही, चित्र बघतो. चित्र आणि पडदा जुळले नाहीत तर ‘चित्र जुनं असेल’ असं त्याच्या मनातही येत नाही. आपलंच काहीतरी चुकलं असं तो धरून चालतो. म्हणून पुस्तिकेतलं किंवा मदतपानावरचं चुकीचं चित्र हे चित्र नसण्यापेक्षा वाईट, असं माझं ठाम मत आहे.

आता पुस्तिका कागदावरून काढून विकीवर टाकली की प्रश्न सुटला, असं मलाही वाटलं होतं. तो निम्माच सुटतो. मजकुरातला एक शब्द बदलायला मिनिटही लागत नाही, आणि तो कुणीही बदलू शकतं. चित्राचं तसं नाही. स्क्रीनशॉट घ्या, कापा, बाण काढा, चढवा, परवाना निवडा, मग पानात बसवा. त्यामुळे मजकूर सुधारत जातो, चित्र तिथेच राहतं. खाली ‘प्रकाशित करा’ लिहिलेलं आणि वर ‘जतन’वर रोखलेला बाण, अशी पानं तयार होतात ती याच कारणाने. कुणी आळस केला म्हणून नव्हे. कामाचा तेवढा भाग जड आहे म्हणून.

तो हलका करता येतो. विकिमीडिया कॉमन्सवर आपण चढवलेल्या चित्राची नवी आवृत्ती जुन्याच नावावर चढवता येते. मग ते चित्र जिथे जिथे लावलंय तिथे सगळीकडे आपोआप नवं दिसतं, आणि जुनं इतिहासात शाबूत राहतं. ही सोय फार मोलाची आहे, पण त्यासाठी नाव नीट हवं. ‘स्क्रीनशॉट १४’ या नावाचं चित्र पुन्हा कोण शोधणार? नावात काम असावं, वर्णनात घेतल्याची तारीख असावी. सूचना शक्यतो चित्रावर रंगवू नये, खाली मजकुरात लिहावी, म्हणजे शब्द बदलला तर चित्र टाकून द्यावं लागत नाही. त्याच मजकुराचा उपयोग पडदा ऐकणाऱ्यालाही होतो. एनव्हीडीएसारखं वाचक-सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध माणसाला लाल बाणाचा काय उपयोग!

आणि चित्रं मराठी पडद्याची हवीत. मजकूर मराठी, चित्र इंग्रजी पडद्याचं, असं आपल्याकडे सर्रास चालतं. ज्याने फोनची भाषा मराठी ठेवली आहे, नेमका तोच त्यात अडकतो. शिवाय आज शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात फोन असतो. फोनवर ‘संपादन’ हा शब्द शोधत बसणाऱ्याला तिथे पेन्सिलीचं चिन्ह असतं हे कोण दाखवणार? निरनिराळ्या भाषांतल्या पडद्यांची चित्रं यंत्राकडूनच काढून घेण्याचा प्रयोग विकिमीडियाच्या मंडळींनी केलेला आहे. तो चांगलाच आहे. पण माणूस नेमका कुठे अडतो, ते यंत्राला सांगायला आधी अडलेला माणूस लागतो.

म्हणून माझी मागणी आहे. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, त्यात विकीच्या कार्यशाळा होतात आणि किती नवे लेख झाले ते मोजलं जातं. त्यातला एक तास मदतपानांच्या चित्रांना द्या, आणि तो तास नवख्यांच्या हाती द्या. मला ती पानं आता पाठ आहेत, म्हणून त्यांतला खड्डा मला दिसत नाही. काल अडलेल्याला तो दिसतो. मराठी विकिपीडियाने सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ हे किती नेमकं नाव दिलंय! पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवायचं, पुसायचं, पुन्हा गिरवायचं. चित्रांनाही तशीच पुसून पुन्हा गिरवण्याची सवय लावायला हवी.

माझी पुस्तिका आता मी विकिपीडियावर माझ्या सदस्यपानाखाली ठेवली आहे. पहिलं नवं चित्र अण्णांनी त्यांच्या फोनवर घेतलं. चढवण्याआधी मी पाहिलं तर वरच्या कडेला बँकेचा संदेश आलेला, शिल्लक रकमेसकट. “अहो अण्णा, हे आधी कापा,” म्हटलं. त्यांनी कापलं, आणि वहीत स्वतःच लिहून ठेवलं: फोटो काढण्याआधी वरची पट्टी बघणे. ती ओळ माझ्या पुस्तिकेत कधीच नव्हती. आता पहिल्या पानावर आहे.

अजून सहा चित्रं जुनीच आहेत. येत्या रविवारी फोटो चढवायच्या पानाचं घेणार आहोत, अण्णांच्याच फोनवर, बगाडाचा फोटो चढवता चढवता.