विश्लेषण : जर्मनीतला ‘बिलियन’ हजारपट मोठा का?

अमेरिकेच्या केंद्र सरकारवरील कर्जाने ३६ ट्रिलियन डॉलरचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे. हीच बातमी जर्मन वृत्तपत्रात ‘बिलिओन’ या शब्दाने छापली जाते आणि स्पेनमध्ये ‘बियोन’ने. दोन्ही शब्द इंग्रजी ‘बिलियन’चे सख्खे भाऊ. पण म्हणून तिथे कर्ज हजारपटीने कमी झालेले नसते, तर शब्दाची किंमतच वेगळी असते. इंग्रजीत बिलियन म्हणजे एकावर नऊ शून्ये, आपला एक अब्ज किंवा १०० कोटी. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियनमध्ये मात्र एकावर बारा शून्ये, म्हणजे एक लाख कोटी.

मग अब्जाला काय म्हणतात?

मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी सुमारे ८०० अब्ज युरोंची संरक्षण योजना जाहीर केली. जर्मनीत ती ‘८०० मिलिआर्डन’ झाली, फ्रान्समध्ये ‘८०० मिलियार’. स्पेनमध्ये ‘८००.००० मियोनेस’, म्हणजे आठ लाख दशलक्ष. मधला तो ठिपका दशांशचिन्ह नाही, आपल्या स्वल्पविरामाचे काम करतो. त्यावरूनही अनेकजण फसतात. स्पॅनिश भाषेच्या अकादमीने १९९५ मध्ये अब्जासाठी ‘मियार्दो’ हा शब्द स्वीकारला, पण वृत्तपत्रांनी ‘हजार दशलक्ष’ सोडले नाही. पोर्तुगीज तर एकाच भाषेत दुभंगलेली आहे. ब्राझीलचा ‘बिल्यांव’ नऊ शून्यांचा, पोर्तुगालचा ‘बिलियांव’ बारा शून्यांचा.

घोळ सुरू कुठे झाला?

‘मिलियन’ मूळचा इटालियन. ‘मिले’ म्हणजे हजार, त्याला मोठेपणा दाखवणारा प्रत्यय लागून झाला ‘मोठा हजार’. पुढे १४८४ मध्ये निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने हस्तलिखितात नावांची शिडीच रचली. मिलियनला मिलियनने गुणले की ‘बि’लियन, पुन्हा एकदा गुणले की ‘ट्रि’लियन. दर सहा शून्यांना नवे नाव. हिशेब सरळ होता.

नंतर फ्रान्समध्येच आकड्यांचे गट सहाऐवजी तीन-तीनचे पाडण्याची पद्धत रुळली आणि बिलियन नऊ शून्यांवर आला. अमेरिकेने हीच फ्रेंच पद्धत उचलली. गंमत अशी, की १९६१ च्या सरकारी आदेशाने फ्रान्स स्वतः बारा शून्यांकडे परतला. अमेरिका तिथेच राहिली. ब्रिटनने उलटा प्रवास केला. डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत स्पष्ट केले, की सरकारी आकडेवारीत बिलियन म्हणजे हजार मिलियन. त्यामुळे त्याआधीच्या ब्रिटिश पुस्तकात हा शब्द दिसला, तर लेखकाला कोणता बिलियन अभिप्रेत आहे हे तपासावे लागते.

तर्काच्या कसोटीवर जर्मन बाजूच सरस आहे. ‘बि’ म्हणजे दोन, आणि तिथे मिलियन खरोखर दोनदा येतो. इंग्रजी बिलियनमध्ये ते ‘दोन’ शोधावे लागते. पण डॉलरचे व्यवहार तर्कावर चालत नाहीत, आणि जागतिक बाजाराची भाषा इंग्रजी आहे.

चूक झाली तर काय?

१९२३ ची जर्मन महागाई घ्या. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ ‘बिलिओनन’ मार्क मोजावे लागत होते. नोटांवरही ‘आइने बिलिओन मार्क’ असे छापलेले असे. त्याचा अर्थ एक अब्ज लावला, की इतिहासातली सर्वात कुप्रसिद्ध महागाई एका फटक्यात हजारपट सौम्य होते. मराठीत योग्य आकडा ४.२ लाख कोटी मार्क.

भाषांतराची अ‍ॅप पूर्ण वाक्यात हा फरक बहुधा सांभाळतात. धोका जास्त आहे तो आलेख, तक्ते आणि स्क्रीनशॉटमध्ये. जर्मन आलेखावर ‘एमआरडी’ दिसले तर अब्ज, आणि ‘बीआयओ’ दिसले तर लाख कोटी. हे दुसरे लघुरूप बिलियनचे वाटते, तिथेच घात होतो. महाराष्ट्राचे ‘एक ट्रिलियन डॉलर अर्थव्यवस्थे’चे उद्दिष्टही जर्मन मजकुरात ‘आइने बिलिओन’ होते. जर्मन कंपन्यांशी व्यवहार करणाऱ्या पुणे-चाकणच्या उद्योजकांनी करारात शब्दासोबत सगळी शून्येही लिहून घेतलेली बरी.

रशियन आणि तुर्की भाषांनी मधला मार्ग काढला आहे. तिथे अब्जाला ‘मिलियार्द’ आणि ‘मिल्यार’, पण त्यापुढचा ट्रिलियन इंग्रजीसारखाच बारा शून्यांचा.

हा घोळ फक्त युरोपचा, असेही नाही. परंपरागत मराठी मोजणीत ‘खर्व’ म्हणजे १० अब्ज; हिंदीतला ‘खरब’ म्हणजे १०० अब्ज. हिंदी बातमीतला खरब मराठीत खर्व म्हणून उतरवला, तर आकडा दहापट घसरतो.