नवऱ्याचा शर्ट, बायकोची ओढणी

निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून सकाळच्या वेळी एक चक्कर मारा. विरळणीला, डिपिंगला, काड्या बांधायला आलेल्या बहुतेक बायांच्या अंगात साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट दिसेल. तो शर्ट नवऱ्याचा असतो, दिराचा असतो, नाहीतर थोरल्या लेकाचा. पलीकडच्या ओळीत औषध मारणारा गडी पाहा. त्याच्या नाकातोंडाला बायकोची जुनी ओढणी किंवा सुती लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला असतो. बाप्याचा कपडा बाईच्या अंगात आणि बाईचा कपडा बाप्याच्या तोंडाला, ही अदलाबदल आपल्या शिवारात इतकी मुरली आहे की तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही.

अदलाबदल मुळात शहाणपणाची आहे. ऊन, काटे, पानांची खाज, उसाच्या पात्याने कापणारे हात या सगळ्यांपासून शर्टाची बाही वाचवते. साडीच्या पोलक्याला ती सोय नाही. परंतु या कपड्यांपायी काही धोके घरात आणि शेतात शिरतात, आणि त्यांची चर्चा होत नाही. कपडा बाईचा की बाप्याचा यावर आपण हसतो, बोलतो. तो याआधी कशासाठी वापरला होता आणि आज कोणत्या कामाला चालेल, हे दोन प्रश्न मात्र विचारायचे राहून जातात. आजच्या लेखात तेवढेच दोन प्रश्न घेऊ.

हा शर्ट याआधी कुठे होता?

घरात शर्टाचा प्रवास कसा होतो ते आठवा. नवा शर्ट लग्नकार्याला, मग बाजाराला, मग शेतात. शेवटी फवारणीला. पाठीवरचा पंप झाकणापाशी किंवा नळीपाशी गळतो आणि शर्टाची पाठ भिजते. ब्लोअरने फवारणी केली तर वाऱ्याबरोबर उडालेले तुषार छातीवर आणि बाह्यांवर बसतात. संध्याकाळी तो शर्ट खुंटीवर जातो. विटला, बटणे तुटली, की घरधनी म्हणतो, "हा तुला शेतात होईल." आणि त्या दिवसापासून तो मालकिणीच्या अंगावर येतो.

सुती कापड औषध धरून ठेवते. साध्या पाण्यात एकदा खळबळून काढले तर वास जातो, औषध पूर्ण जात नाही. उन्हात काम करताना घाम येतो, कापड ओले होते, आणि ओल्या कापडातून औषध कातडीत उतरायला वेळ लागत नाही. त्यात मूल अंगावर पिणारे असेल तर दुपारच्या सुट्टीत त्याचे तोंड त्याच शर्टाला लागते. आपण मुलाला औषधाच्या डब्याला हात लावू देत नाही, आणि इथे डब्यातले थोडेसे त्याच्या गालाला चोळतो.

औषधाच्या डब्यावरील चौकटीत रंगाचा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यामानाने सौम्य. ज्या शर्टाने लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचे औषध मारले, तो दुसऱ्या कुणाच्याही अंगावर जाता कामा नये. न मिसळलेले मूळ औषध ज्यावर सांडले, तो कपडा धुऊन ठेवण्यातही अर्थ नाही. तो फाडून चिंध्याही करू नयेत, कारण त्याच चिंधीने उद्या कुणीतरी ताट पुसते. तो वापरातून कायमचा काढावा.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. आपल्याकडे द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड लावतात. ते कातडीला भाजते. शिवाय ते हाताळण्याच्या आधी किंवा नंतर दारू घेतली तर चेहरा लाल होणे, छातीत धडधडणे, श्वास कोंडणे असा त्रास होतो. पेस्ट लावायला पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या मजूर बाया-बाप्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही. बागायतदार मंडळींनी ती कामाच्या आधी तोंडाने सांगावी आणि रबरी हातमोजे स्वतः आणून द्यावेत.

ओढणीने काय अडते आणि काय अडत नाही

आता बाप्याच्या तोंडावरची ओढणी. तिने धूळ अडते. औषधाची वाफ आणि बारीक तुषार अडत नाहीत. उलट तासाभरात ती ओली होते आणि औषधाने भिजलेले फडके नाकाला बांधून आपण दुपारपर्यंत त्यातूनच श्वास घेतो. घरी आल्यावर तीच ओढणी बादलीत लेकराच्या झबल्यांबरोबर भिजते. औषध मारतो एक आणि त्याचे पाणी हाताला लागते दुसरीच्या.

यासाठी खास मास्क मिळतात, ते औषध ज्या दुकानातून घेता तिथेच मागावेत. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, साबणाने, शक्यतो गरम पाण्याने दोनदा धुवावेत. धुणारीने हातमोजे घालावेत. ते पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नये. वाळवायचे तेही वेगळ्या दोरीवर, कडक उन्हात. फवारणीच्या शर्टाच्या कॉलरवर लाल दोऱ्याचे दोन टाके घातले, तर घरातल्या निरक्षर माणसालाही तो ओळखता येतो.

यंत्राजवळ कपडा सांभाळा

दुसरा प्रश्न यंत्राचा. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टची जाडी साडेसात सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात सुमारे २४ सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते, आणि एका सेकंदात दोन मीटरहून अधिक. मोकळा सुटलेला पदर मीटरभराचा असतो. तो अर्ध्या सेकंदात संपतो आणि त्यापुढे माणूस ओढला जातो. "बंद कर" एवढे शब्द तोंडातून निघायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. ब्लोअर, मळणी यंत्र, पाण्याचा पंप, जे काही पीटीओवर चालते त्या सर्वांना हाच हिशेब लागू आहे. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण तुटले तर ते त्याच दिवशी बदलावे.

मळणी यंत्रांत हात जाण्याचे अपघात इतके होऊ लागले की १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा केला. सुरक्षित मळणी यंत्राचा पेंढी सारण्याचा घमेला किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातला ४५ सेंटिमीटर वरून झाकलेला असावा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचत नाही. भाड्याने यंत्र आणताना हे माप हाताने मोजून पाहावे. मालकाला राग आला तरी चालेल.

१९४८ च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्या कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत असे लिहिले होते. तो नियम पुरुष कामगारांपुरता होता, कारण तशा कामाला बायांना मनाईच होती. शेतात मात्र मनाई नाही आणि कपडेही कुणी पुरवत नाही. सोयाबीनच्या मळणीला पेंढी सारायला आणि कडबाकुट्टीत वैरण लोटायला घरोघर बायाच उभ्या असतात.

म्हणून नवऱ्याचा शर्ट घालायचा तर नीट घालावा. पदर आधी कमरेला खोचावा आणि त्यावर शर्ट घालून सगळी बटणे लावावीत, म्हणजे पदर आतच राहतो. शर्ट मापाने मोठा असतो, त्याची बाही बोटांवर उतरते. ती कापून मनगटाच्या मापाची करावी आणि मनगटाशी बटण लावावे. नुसती दुमडलेली बाही कामात सुटते. डोक्याला बांधलेल्या फडक्याची टोके कॉलरच्या आत घालावीत. वेणी अंबाड्यात बांधावी, गळ्यातले शर्टाच्या आत टाकावे. खाली काष्टा असेल तर उत्तम, आणि सलवार किंवा मुलाची जुनी पँट असेल तर तीही चालेल.

मोटारसायकलचेही असेच. प्रसिद्ध नर्तकी इसाडोरा डंकन १९२७ साली फ्रान्समधील नीस शहरी मोटारीतून जात असताना गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकून मरण पावली. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांत मोटारसायकलचे मागचे चाक किमान निम्मे झाकणारे आवरण सक्तीचे आहे, ते मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणूनच. गाडी दिसायला छान व्हावी म्हणून तरुण पोरे तो साडी गार्ड काढून टाकतात आणि मग त्याच गाडीवर आईला बाजाराला नेतात.

चुलीपाशी आणि गॅसपाशी नायलॉन, पॉलिस्टरची साडी पेटली तर वितळून कातडीला चिकटते. स्वयंपाकघरात सुती कपडा, आणि पदर खोचलेला.

सवय नसलेला कपडा

आता थोडे लक्षाविषयी. दादासाहेब फाळके मूळचे आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना तारामतीच्या कामाला बाई मिळाली नाही, तेव्हा ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी साडी नेसवली. स्त्री-भूमिकेसाठी मिशा उतरवायला नटमंडळी कुरकुरत, असे सांगतात. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लेक मंदाकिनी. हे सगळे वठले ते तालमीने. सवय नसलेला कपडा अंगावर असला की निम्मे मन कपड्यात अडकते, आणि ते सुटायला सराव लागतो.

पेठ, त्र्यंबक भागातल्या बोहाड्यात देवीचे सोंग बाप्या माणूसच घेतो. अंगावर साडी, तोंडावर मुखवटा, रात्रीची वेळ आणि जवळ टेंभा. मुखवट्यातून बाजूचे दिसत नाही आणि पदर कुठे लोळतो ते कळत नाही. सोंगाबरोबर एक माणूस केवळ पदर आणि टेंभ्यावर नजर ठेवायला असावा. शेतातही हाच नियम. नवी पँट, नवा शर्ट, नवे बूट आधी दोन दिवस निंदणीला वापरावेत, मग मळणीला.

परंतु कपड्यापेक्षा जास्त लक्ष उडवते ते लोकांचे हसणे. सून पँट-शर्ट घालून मळणीला उभी राहिली की कुणीतरी ओरडते, "अहो, हा पाहुणा कोण?" ती मान वर करते, लाजते, शर्ट खाली ओढू लागते, आणि तिचे हात तेव्हाही यंत्रापाशीच असतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पदर सोडून येते, कारण हसू नको असते. थट्टा करणाऱ्याला वाटते आपण गंमत केली. ज्याच्या घरी मळणी आहे त्या यजमानाने आधीच बजावावे की यंत्र चालू असताना कुणीही कुणाला हाक मारायची नाही.

आणि एखाद्या घरी असेही असते की मुलगा हौसेने किंवा मनाच्या ओढीने बहिणीची ओढणी घेतो, लपून साडी नेसतो. त्यालाही वरचेच नियम सांगा: चूल, गाडी, यंत्र. त्याच्या बाबतीत मोठा धोका मात्र कापडाचा नसतो, घरच्यांच्या माराचा आणि गावाच्या तोंडाचा असतो. धास्तावलेले पोर रात्री-अपरात्री घर सोडते, किंवा औषधाच्या डब्याकडे जाते, आणि शेतकऱ्याच्या घरात तो डबा हाताशीच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी व्यक्तींना कायद्याने ओळख दिली, आणि २०१९ च्या कायद्याने त्यांना मारहाण करणे हा शिक्षेचा गुन्हा ठरवला. प्रत्येक असे पोर तृतीयपंथी असते असे नाही. कोण काय हे ठरवायची घाई आईबापांनी करू नये. बालगंधर्वांच्या साडीची फॅशन घराघरांतल्या बायांनी उचलली होती, तेव्हा महाराष्ट्राला त्यात लाज वाटली नव्हती. पोराशी बोलावे, आणि औषधाच्या कपाटाला कुलूप असावे. ते तसेही सगळ्याच घरी असायला हवे.

एवढे आजच करा

खुंटीवरचे शर्ट खाली काढा आणि फवारणीचा कोणता हे घरधन्यालाच विचारा. तो वेगळा करून त्याला लाल टाका घाला. मालकिणीसाठी शेताचा शर्ट बाजारातून नवा किंवा बिनफवारणीचा घ्या आणि बाही तिच्या मापाची करून घ्या. कुणाच्या अंगावर औषध सांडलेच तर कपडे तिथेच काढून साबण-पाण्याने किमान १५ मिनिटे अंग धुवावे. औषध पोटात गेले तर मनाने उलटी करवू नये. १०८ वर फोन करावा आणि दवाखान्यात जाताना डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी. डॉक्टरांना तीच पहिल्यांदा लागते.