जालन्याचे बियाणे, युरोपचा धडा

संशोधनावर पैसा ओतला की उद्योग आपोआप स्पर्धेत टिकतो, हा समज युरोपच्या अनुभवाने फोल ठरविला आहे. देशांतर्गत उत्पन्नाच्या तीन टक्के रक्कम संशोधनावर खर्च करण्याचे उद्दिष्ट युरोपीय संघाने २००२ मध्ये बार्सिलोना येथे ठरविले. दोन दशकांनंतरही हा आकडा सव्वादोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. २०२१ ते २०२७ या काळासाठी 'होरायझन युरोप' कार्यक्रमाला सुमारे ९५ अब्ज युरो मिळाले. तरीही प्रयोगशाळेतील शोध बाजारापर्यंत पोचत नाहीत आणि निधी देशोदेशी विखुरतो, असे निदान मारियो द्रागी यांनी सप्टेंबर २०२४ च्या अहवालात केले.

जालन्याची कथा नेमकी उलट आहे. बाजाराची नाडी ओळखणारा उद्योजक येथे आधीपासून होता. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या 'पुसा सावनी' भेंडीपासून बीजोत्पादनास प्रारंभ केला आणि १९६४ मध्ये 'महिको'ची स्थापना केली. सरकारी संशोधन आणि खासगी उद्यम यांची सांगड कशी घालावी, याचा हा वस्तुपाठ होता. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मात्र २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या 'महिको'च्या बीटी कापसातील जनुक 'मोन्सँटो'चे होते. मूळ तंत्रज्ञान परक्याचे असले, की स्वामित्वशुल्कही त्याच्याकडेच जाते. पुढच्या पिढीच्या बीटी वाणांनाही गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली, तेव्हा २०१७ च्या हंगामात त्याची किंमत मराठवाडा आणि विदर्भातील कापूस उत्पादकांनी मोजली.

भारताचा संशोधनखर्च देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के, म्हणजे युरोपच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले, तर जुलै २०२५ मध्ये खासगी संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. प्रश्न रकमेचा जेवढा आहे, तेवढाच वाटपाचा. हा पैसा महानगरांतील मोजक्या संस्थांतच जिरला, तर युरोपच्या दुखण्याची लागण येथेही होईल.

'होरायझन'च्या बहुतेक सहकार्य प्रकल्पांत किमान तीन देशांतील संस्थांनी एकत्र येण्याची अट असते. तेच सूत्र मराठवाड्यात अनुसरता येईल. परभणीचे कृषी विद्यापीठ, २०१८ मध्ये जालन्यात सुरू झालेले रसायन तंत्रज्ञान संस्थेचे संकुल आणि स्थानिक बियाणे कंपन्या यांनी संयुक्त प्रस्ताव दिल्यासच निधी, अशी अट घालता येईल. बोंडअळीला आणि पावसाच्या खंडाला तोंड देणारे वाण हे अशा प्रकल्पाचे पहिले उद्दिष्ट असावे. त्याचे यश शोधनिबंधांच्या संख्येवरून नव्हे, तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या उतरलेल्या उत्पादनखर्चावरून मोजावे लागेल.