हिरव्या डागातली माणसे

दिवाळीच्या सुटीत भाचेमंडळी जमली, की चकलीच्या डब्याबरोबर नकाशासंग्रहही उघडतो. यंदा धाकट्या भाच्याने कॅनडाच्या उत्तरेचे अफाट अरण्य, ग्रेट बेअर सरोवर आणि मॅकेंझी नदी झटकन दाखविली. कौतुक करून आम्ही विचारले, "बाळ, पैनगंगा कोठे आहे रे?" स्वारी गप्प! आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी नदी त्याला सापडेना. दोष त्याचा नव्हे, आपला आहे. दूरचे ते अरण्य आणि घरामागचे ते नुसते रान, अशी आपणच त्याची समजूत करून दिली आहे.

वास्तविक नकाशाचे काम या भागाला परके नाही. हिंदुस्थानची महामोजणी मद्रासकडून उत्तरेकडे नेणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली वर्धा नदीपलीकडे, हिंगणघाटास वारला. त्याच मोजणीचे धागे पुढे हिमालयापर्यंत गेले.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. १९९७ साली अभयारण्य झालेले टिपेश्वर सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे. म्हणजे त्या कागदावर जेवणाच्या ताटाएवढे! समोच्चरेषा दाटल्या की चढण उभी, विरळ झाल्या की सपाटी. इतके कळले तरी मूल अर्धे रान फिरून आले म्हणावे.

परंतु त्या हिरव्या रंगात एक फसवणूक आहे. हिरवे म्हणजे रिकामे, असे आपल्या मनात बसते. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांत डोंगरकडेला कोलामांची पोडे आहेत. त्यांच्या तोंडी नाल्यांना, टेकड्यांना, झऱ्यांना नावे आहेत. कागदावर त्यांतली किती आली? २००६ च्या वनहक्क कायद्याने या माणसांच्या दाव्याला दार उघडले. पण रानाच्या सीमा आणि वहिवाट दाखवायची, तर नकाशा लागतो. ज्याची टेकडी कागदावर बिननावाची, त्याने आपला हक्क कशाच्या आधारे सांगावा?

कोणी म्हणेल, हल्ली खिशातला फोन सारे दाखवितो. दाखवितो, पण आपण विचारलेला रस्ता! पोडापासून झऱ्याकडे जाणारी पायवाट विचारायची, तर पोडावरच्या म्हातारीलाच विचारावी लागते. वाघसुद्धा आपल्याहून शहाणा. टिपेश्वरात जन्मलेला एक वाघ २०१९ साली गळ्यात पट्टा घेऊन हजाराहून अधिक किलोमीटर भटकला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या वाटेच्या ठिपक्यांनी दाखविले, की हिरवा डाग संपला म्हणून रान संपत नाही. ते शेताच्या बांधावरून आणि नाल्याकाठून पुढे जाते.

तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत त्या तालुक्याचा मोठा नकाशा लावा. मुलांना वर्षातून एकदा कोलाम वडीलधाऱ्यांबरोबर हिंडवा आणि ऐकलेली नावे मुलांच्याच हाताने त्यावर लिहवून घ्या. नकाशे करण्यासाठी परवानगीचा खेटा भारतीयांना आता घालावा लागत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने ती अट काढली. अडचण आता सरकारची नाही, आपल्या आळसाची आहे.

कॅनडा अवश्य शिका, मुलांनो! पण आधी पैनगंगेवर बोट ठेवा, आणि तिच्या काठच्या माणसांना नावाने हाक मारायला शिका.