सहा आठवड्यांचा माध्यमेतिहास

परदेशी विद्यापीठांच्या उन्हाळी अभ्यासक्रमांची पत्रके आपल्या विभागांच्या सूचनाफलकांवर आता नियमाने लागतात. 'माध्यमांचा इतिहास आणि संस्कृती' हा त्यांतला एक लोकप्रिय विषय. ठिकाण बहुधा लंडन, मुदत तीन ते सहा आठवडे. ज्याला तिकडे उन्हाळा म्हणतात तो आपला आषाढ-श्रावण. म्हणजे नुकतेच सुरू झालेले सत्र सोडून विद्यार्थी जातो. विभाग त्याला आनंदाने जाऊ देतो, कारण वार्षिक अहवालातला 'आंतरराष्ट्रीय सहभाग' हा रकाना त्यामुळे भरतो. विद्यार्थ्याने जाण्याला आमचा विरोध नाही. त्यासाठी कर्ज काढावे की नाही, हा त्याच्या घरचा प्रश्न आहे. आमचा वाद आहे तो विभागांशी. तिथे जाऊन तो काय वाचणार, याचा विचार न करता आपण त्याला पाठवतो आणि परतल्यावर त्याने काय पाहिले एवढेच विचारतो.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे, हे नाकारता येत नाही. फ्लीट स्ट्रीटच्या टोकाशी १७०२ मध्ये 'डेली कुरंट' हे इंग्रजीतले पहिले दैनिक निघाले. त्याच रस्त्यावर डेली एक्सप्रेसची काळ्या काचेची इमारत आहे आणि लचेन्सने रचलेले रॉयटर्सचे जुने कार्यालयही आहे. रॉयटर्सने ते २००५ मध्ये सोडले. १९८६ च्या जानेवारीत मर्डॉक यांनी आपली वृत्तपत्रे एका रात्रीत वॉपिंगला हलवली आणि छपाईतल्या पाच हजारांहून अधिक कामगारांची नोकरी गेली. या रस्त्याचा खरा शेवट तिथूनच सुरू झाला. २०१६ मध्ये अखेरचे दोन वार्ताहरही तिथून उठले. आज तिथे वकील आहेत, वित्तसंस्था आहेत आणि भिंतींवरच्या स्मृतिफलकांसमोर उभे राहणारे विद्यार्थी आहेत. वृत्तपत्र निघून गेल्यावर उरलेली वास्तू पाहणे आणि वृत्तपत्राचा अभ्यास करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण मात्र पहिलीलाच दुसरीचे श्रेयांक देतो.

फ्लीट स्ट्रीट पश्चिमेला जिथे संपतो तिथे, स्ट्रँडच्या तोंडाशी, उच्च न्यायालयाची इमारत आहे. तिथे १९१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत टिळक विरुद्ध चिरोल हा खटला चालला. व्हॅलेंटाइन चिरोल हे 'टाइम्स'च्या परराष्ट्र विभागाचे प्रमुख होते आणि त्यांच्या 'इंडियन अनरेस्ट' या १९१० च्या पुस्तकाचे मूळही 'टाइम्स'मधील लेखमालेतच होते. म्हणजे एका मराठी संपादकाने जगातल्या बलाढ्य वृत्तपत्राच्या लेखकाला त्याच्याच दारात न्यायालयात खेचले होते. चिरोलचे वकील एडवर्ड कार्सन यांनी 'केसरी'तल्या लेखांची इंग्रजी भाषांतरे पुढे ठेवून टिळकांची उलटतपासणी घेतली. टिळक हरले आणि खर्चाचा बोजा त्यांच्या अंगावर पडला. माध्यमांच्या इतिहासाला याहून समर्पक प्रकरण दुसरे कोणते हवे? आमच्या पाहण्यात आलेल्या पत्रकांत मात्र या इमारतीचा उल्लेख आला तर तो तिच्या गॉथिक शैलीपुरताच येतो.

यात त्या विद्यापीठांचा फारसा दोष नाही. त्यांच्या शिक्षकांना मराठी येत नाही; ते आपल्याला जे येते ते शिकवतात. ज्यांना मराठी येते, त्यांनी काय केले हा प्रश्न आहे.

१९०८ च्या खटल्याकडे पाहा. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती 'केसरी'तल्या लेखांसाठी, पण न्यायासनासमोर होती ती त्या लेखांची सरकारी भाषांतरे. ज्युरीतल्या युरोपीय सदस्यांना मूळ भाषा कळत नव्हती. टिळकांनी आपल्या एकवीस तासांहून अधिक चाललेल्या भाषणाचा मोठा भाग एकेका शब्दाच्या भाषांतराशी झगडण्यात घालवला. ज्युरीचा निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. मराठी वृत्तपत्र साम्राज्याला कळत असे ते असेच, भाषांतरकाराच्या मेजावरून. मुंबई सरकारचे भाषांतर खाते देशी वृत्तपत्रांतले उतारे निवडून त्यांचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला छापी. हे साप्ताहिक अहवाल लंडनला जात. आज ते ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत आहेत. एका भाषेतला संताप दुसऱ्या भाषेत राजद्रोह कसा होतो, हे या कागदांवरून ओळीओळीने दाखवता येते. अट एकच: शेजारी मूळ 'केसरी' उघडलेला हवा आणि तो वाचता यायला हवा. लंडनच्या वर्गात बसलेल्या वीस-पंचवीस जणांत ही पात्रता असलेला आपला विद्यार्थी एकटाच असण्याची शक्यता आहे. तिकडे प्रवेश-अर्जात त्याच्या इंग्रजीची परीक्षा घेतली जाते. त्याला मराठी किती येते हे कोणी विचारत नाही. आपणही विचारत नाही.

दुसरे उदाहरण नभोवाणीचे. ब्रॉडकास्टिंग हाउसबाहेर २०१७ मध्ये जॉर्ज ऑरवेलचा पुतळा उभारला गेला. मागच्या भिंतीवर, लोकांना नको असलेले बोलण्याच्या स्वातंत्र्याविषयीचे त्याचे वचन कोरलेले आहे. विद्यार्थी तिथे छायाचित्र काढतात. ऑरवेल १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीत नोकरीला होता तो हिंदुस्थानकडे होणाऱ्या प्रक्षेपणासाठी, म्हणजे स्पष्ट शब्दांत युद्धकालीन प्रचारासाठी. त्याच्या संहिता सेन्सॉरची संमती मिळाल्याखेरीज ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचत नसत. गुजराती, मराठी, बंगाली, तमिळ बातमीपत्रांचे मूळ इंग्रजी मसुदे तो लिही आणि मग त्यांची भाषांतरे होत. मराठी बातमीपत्र सुरू झाले मार्च १९४२ मध्ये. ऑगस्टमध्ये काँग्रेसचे पुढारी तुरुंगात गेले. त्या महिन्यांत लंडनहून मराठीत काय बोलले गेले आणि काय गाळले गेले, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने विचारायचा नाही तर कोणी?

त्या काळचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. १९४२ मधल्या 'व्हॉइस' या काव्यविषयक कार्यक्रमाच्या वेळी ते काढलेले आहे. त्यात ऑरवेल आहे, टी. एस. एलियट आहे, एम्पसन आहे, मुल्कराज आनंद आहेत. आणि नऊवारी-पाचवारीच्या दुनियेतून तिथे पोहोचलेली शिरोळची वेणू चितळे आहे, जिने पुढे १९५० मध्ये 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. इंग्रजीच्या वर्गात आम्ही एलियटवर महिनेच्या महिने घालवतो. चितळे यांचे नाव किती शिक्षकांना ठाऊक आहे, हे मोजण्याच्या भानगडीत न पडलेले बरे.

बीबीसीचे लेखी दप्तर रेडिंगजवळ कॅव्हरशॅमला आहे. ऑरवेलच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज ज्ञात नाही. उरले ते टंकलिखित कागद. डब्ल्यू. जे. वेस्ट यांनी ते शोधून १९८५ मध्ये छापले, तोवर ऑरवेलच्या अभ्यासकांनाही त्या कामाची नीट कल्पना नव्हती. नभोवाणीचा इतिहास बव्हंशी असाच, आवाजाविना लिहावा लागतो. स्टुडिओच्या काचेतून आत डोकावल्याने तो कळत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की विद्यार्थ्याला 'अनुभव' मिळतो, त्याची नजर रुंदावते. मिळत असेल. गावाबाहेर न पडलेल्या मुलीला परक्या शहरात एकटीने वावरता येणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिची थट्टा करण्याचा हक्क आम्हाला नाही. पण नजर रुंदावण्याला 'माध्यमांचा इतिहास' हे नाव देऊन त्याचे गुण गुणपत्रिकेत मांडायचे असतील, तर आधी पुण्यात केसरीवाड्यात आणि मुंबईत राज्याच्या पुराभिलेखागारात जाऊन येण्याची अट घालावी. ते साप्ताहिक अहवाल मुंबईतही आहेत. लोकलच्या तिकिटात होणारा हा प्रवास किती विभाग आपल्या विद्यार्थ्यांना घडवतात?

दोन्ही कागद शेजारी ठेवले की प्रथम नजरेत भरतो तो भाषांतरातला फरक नव्हे, तर गाळलेला मजकूर. भाषांतर खात्याला अग्रलेख हवे होते, सरकारवरची टीका हवी होती. नाटकांच्या आणि औषधांच्या जाहिराती, पुस्तकपरीक्षणे, बाजारभाव, विधवाविवाहावरून चाललेली वाचकांची भांडणे यांतले थोडेच त्या अहवालांत पोहोचले. ज्या मजकुरातून सरकारला धोका दिसत नव्हता, त्याचा गोषवारा लिहिण्याचे कारणही नव्हते. तो मजकूर अजून मराठीतच पडून आहे, आणि लंडनच्या कोणत्याही दप्तरात त्याची इंग्रजी प्रत मिळणार नाही.