बर्फाखालचे सगळेच दिसायला हवे का?

डिसेंबर लागला की मिनेसोटातल्या आमच्या मित्रमंडळात एक प्रश्न हमखास येतो. ‘यंदा लाइव्ह सोनार घ्यावा म्हणतो, कुठला घेऊ?’ मी रत्नागिरीचा आणि मासेमाराच्या घरातला, त्यामुळे उत्तर माझ्याकडेच मागितले जाते. गेली दोन वर्षे मी याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाने देतो, ‘मासेमारी कशी करतोस ते आधी सांग.’

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इथली तळी हिवाळ्यात गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात. खाली काय आहे हे कळावे म्हणून अनेक वर्षे फ्लॅशर नावाचे यंत्र वापरले जाते. गोल तबकडीवर रंगीत पट्टे उमटतात, एक तळाचा, एक आपल्या गळाचा आणि नशीब असेल तर एक माशाचा. ते फक्त भोकाखालचे सांगते. वीस अंशांचा शंकू धरला तर २० फूट खोलीवर जेमतेम ७ फुटांचे वर्तुळ त्यात येते. बाकीचे तळे अंधारातच.

लाइव्ह सोनारने हा अंधार घालवला. गार्मिनचे लाइव्हस्कोप २०१८ मध्ये आले, मागोमाग लोरन्स आणि हमिनबर्डनेही आपापली यंत्रे काढली. दांड्याला लावलेला ट्रान्सड्यूसर बर्फाच्या खालच्या कडेखाली सोडायचा आणि हाताने फिरवायचा. आजूबाजूच्या कित्येक फुटांतले मासे चालत्या चित्रासारखे दिसतात. ते कुठल्या दिशेला निघाले, गळाजवळ येऊन वळले का, हेही कळते. मग त्यांच्या वाटेवर नवे भोक पाडायचे.

आता खरेदीचे बोलू. एका ठिकाणी तंबू ठोकून बसणार असाल, तर फ्लॅशर पुरे. मोठ्या तळ्यावर मासे शोधत फिरणार असाल, तरच लाइव्ह सोनारचा उपयोग. एका कंपनीचा ट्रान्सड्यूसर दुसरीच्या स्क्रीनवर चालेल असे समजू नका, म्हणून पूर्ण संचाचा हिशेब करा. बॅटरीसकट तो दोन हजार डॉलरच्या वर सहज जातो. बॅटरीत कंजुषी नको. स्क्रीन धरून हे यंत्र साधारण तीन-चार अँपिअर ओढते, म्हणजे आठ तासांना ३० अँपिअर-अवरच्या आसपास लागणारच. लिथियम बॅटरी वजनाला हलकी असते, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. मी पहिल्या वर्षी जुनीच छोटी बॅटरी लावली आणि दुपारच्या आत काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो.

आणखी एक. सोनार बर्फाची जाडी सांगत नाही. पायी चालायला निदान ४ इंच नवा, पारदर्शक बर्फ हवा, असे इथले नैसर्गिक संसाधन खाते सांगते. पांढरा बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. बर्फ तपासायची पहार आणि गळ्यात अडकवायचे टोचे आधी घ्या. यंत्र नंतर.

इथवर पैशांचा हिशेब झाला. माझी खरी अडचण वेगळी आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि एक मित्र ३८ फूट खोल पाण्यावर होतो. क्रॅपी नावाचा मासा हिवाळ्यात अशा खोल जागी थव्याने राहतो. थवा स्क्रीनवर दिसला, तो सरकला की आम्हीही सरकलो. माणशी दहा मासे न्यायची परवानगी, म्हणजे दोघांचे वीस. ते तासाभरात झाले. तरी गंमत म्हणून आम्ही पकडत आणि सोडत राहिलो. सोडलेला एक मासा भोकातच आडवा तरंगत राहिला. मग दुसरा, तिसरा. क्रॅपीच्या हवेच्या पिशवीला घशाकडे वाट नसते. खोलातून झटकन वर आणला की दाब कमी होऊन ती फुगते आणि मासा पुन्हा खाली जाऊ शकत नाही. ३० फुटांपलीकडून काढलेला मासा सोडला म्हणजे वाचला, हा आपल्या मनाचा समज आहे.

रात्री अब्बांना फोनवर हे सांगितले. त्यांचे आयुष्य छोट्या होडीवर गेले. त्यांनी एवढेच विचारले, ‘तुमच्या घरात खाणारे किती?’ माझ्याकडे उत्तर नव्हते.

अब्बांच्या प्रश्नाला संदर्भ आहे. कोकणात एलईडीचे प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या बोटींविरुद्ध छोटे मच्छीमार वर्षानुवर्षे ओरडत आहेत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. दिवा आणि सोनार एक नव्हेत, हे मला कळते. दिवा माशाला ओढतो, सोनार फक्त दाखवतो. तिथे प्रश्न पोटाचा आहे, इथे हौसेचा. पण माशाला दडायला जागा उरत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

यावर मित्र म्हणतात, नेण्याची मर्यादा ठरलेली असताना यंत्राला दोष कशाला? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाची वीस भोके पाडायची दगदग वाचते, हेही खरे. पण ही मर्यादा ठरली तेव्हा बहुतेक जण रिकाम्या हाताने घरी जातील, हे गृहीत होते. रोज प्रत्येक जण दहा नेऊ लागला, तर तीच मर्यादा तळ्याला झेपेल का? स्पर्धा घेणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला आहे. अमेरिकेतल्या मेजर लीग फिशिंगने आपल्या बास प्रो टूरमध्ये २०२५ पासून असा सोनार दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात वापरायची मुभा ठेवली.

म्हणून विचारणाऱ्याला मी सांगतो, घ्यायचा तर घे, पण वापरायचे नियम आधी ठरव. मी माझे यंत्र विकलेले नाही. मात्र ३० फुटांहून खोल पाण्यात पकडून सोडायचा खेळ बंद केला आहे. घरी खाणारे चौघे, तेवढ्यांपुरते मासे झाले की स्क्रीन बंद करतो. थवा खाली असतो, हे मला ठाऊक असते. तरीही गळ गुंडाळतो आणि थर्मासमधला चहा पितो.